चंद्रभागाबाईची जीभ

चंद्रभागाबाईनं उभा जन्म उसात काढला आणि उसाचा थेंब कधी जिभेवर पडू दिला नाही. हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हा मी हसले होते. मी माजलगावची. आमच्याकडं लेकरू रडायला लागलं की त्याच्या हातात उसाचं कांडं देतात, म्हणजे ते गप बसतं. आणि ही बाई दिवाळी झाली की लिंबागणेशजवळच्या आपल्या वस्तीवरून टोळीबरोबर निघायची, उन्हाळा लागेपर्यंत ऊस तोडायची, मोळ्या बांधायची, पाचटावर अंग टाकायची, पण चाखायची नाही. चहा मात्र साखरेचा लागायचा, तोही ओठाला ओठ चिकटेल इतका गोड. मी एकदा तिला छेडलंच, "का हो माय, साखर काय ज्वारीची होती का?"

"साखर कारखान्याची असती गं," ती म्हणाली. "ऊस देवाचा हाय."

मी गपगुमान चहा प्याले.

ऊस न चाखण्याचं कारण असं, की चंद्रभागाबाई डोळ्यातलं कुसळ काढायची, आणि ते जिभेनं. ऊस तोडताना पानाची धार डोळ्याला लागते, पानावरची कुसं उडून बुबुळावर बसतात. मग अख्ख्या फडातून आरोळी जायची, "चंद्रभागामावशीला बोलवा!" ती हातातला कोयता टाकून यायची, खळखळून चूळ भरायची, माणसाला उन्हाकडं तोंड करून बसवायची, दोन बोटांनी पापण्या फाकवायची आणि जिभेचं टोक डोळ्यावरून अलगद फिरवायची. लगेच जीभ बाहेर काढून दाखवायची. टोकावर कुसळ असायचं. माणूस डोळे मिचकावत उठायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. आसपासच्या टोळ्यांतूनसुद्धा माणसं तिच्या कोपीवर, त्या पाचटाच्या खोपटावर, यायची.

ही विद्या तिला सासूकडून आली. सासूचं नाव तुळजाबाई. मरायच्या आधी तुळजाबाईनं सुनेला जवळ बसवून "जीभ दिली", असं टोळीत म्हणत, आणि जिभेच्या बरोबर अटीही दिल्या. दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही. कुणाचं काही घ्यायचं नाही. ऊस चाखायचा नाही, कारण जो दुसऱ्याच्या डोळ्यात जातो त्याच्याशी आपल्या जिभेनं सोयरीक करायची नाही. केली की गुण गेला. आणि एकदा जीभ लागली की तिसरा सूर्य उगवेपर्यंत त्या डोळ्याला दुसरं औषध लावायचं नाही, ओली पट्टी बांधून ठेवायची. पहिल्या तीन अटींनी कुणाचं काही बिघडलं नाही. चौथीनं घात केला.

आता मी यात कुठून आले ते सांगते. माझं नाव विजयमाला. बीडला डोळ्यांच्या आजारांवर संशोधनाचं एक केंद्र आहे, तिथं मी नोकरीला आहे. केंद्र म्हटल्यावर डोळ्यासमोर काही भव्य आणू नका. काही दवाखाने आणि कॉलेजं, ज्यांना एकेकट्यानं यंत्रं घेणं झेपत नव्हतं, त्यांनी मिळून ती एका ठिकाणी आणून ठेवलीत. जंतू आणि बुरशी वाढवून बघायच्या पेट्या, नमुने गोठवून ठेवायचं कपाट, आणि जिवंत डोळ्याच्या बुबुळात आतपर्यंत बघता येईल असं एक यंत्र. सामाईक विहिरीसारखा कारभार. पाणी सगळ्यांचं, पण ज्याची पाळी त्याचं. आणि सामाईक विहिरीवर जेवढे रुसवेफुगवे होतात तेवढे तिथंही होतात, फक्त ते गोड आवाजात होतात.

आमच्या केंद्रात तेव्हा एकच मोठा प्रश्न हाताशी होता. ऊसतोड कामगारांच्या बुबुळाला साधी खरचट होते आणि आठवड्याभरात डोळा का जातो? कुठली बुरशी शिरते, तिला कुठलं औषध लागू पडतं? हे कळायचं तर डोळा लागल्या लागल्या, त्यात काहीही घालायच्या आधी, आमच्याकडं यायला हवा होता. म्हणून मी टोळ्याटोळ्यांतून सांगत फिरायचे, की डोळ्याला लागलं की फोन करा, आमची गाडी येईल. लोक मान हलवायचे, नंबर घ्यायचे आणि फोन करायचे नाहीत. सगळ्या डोळ्यांचा रस्ता चंद्रभागाबाईच्या कोपीवरून जात होता.

शेवटी आमच्या डॉक्टर संगीता मॅडम स्वतः तेलगावच्या बाजूला त्या टोळीवर आल्या. त्यांनी समजावून सांगितलं. तोंडात जंतू असतात, जखमेला जीभ लावणं धोक्याचं, तुम्ही हे बंद करा आणि माणसं आमच्याकडं पाठवा. चंद्रभागाबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आम्हाला तो ओठ चिकटवणारा चहा पाजला आणि म्हणाली, "बाई, तुमचं यंत्र फडात येतं का? मी येते."

गाडीत बसल्यावर मॅडम म्हणाल्या, "किती अडाणी असावं माणसानं!" मला राग आला. डोळा दाखवायचा तर आख्खा दिवस मोडतो, मुकादमाची बोलणी खावी लागतात, आणि दवाखान्यात गेलं तरी कुणी धड बोलत नाही. तिथं जीभ जवळची वाटली तर त्यात अडाणी काय? मी मॅडमना तसं तोंडावर बोलले. पण मॅडमचंही खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि म्हणून राग जरा जास्तच आला असेल.

चंद्रभागाबाईला एकच मुलगा, सोमेश्वर. नवरा त्रिंबक मागंच वारला. सून राजनंदिनी. टोळीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, तसा सोमेश्वर आणि राजनंदिनीचा एक कोयता. राजनंदिनी बारावी झालेली, नजरेनं तल्लख. टोळीतल्या बायका सुईत दोरा ओवायला तिच्याकडंच यायच्या. उसवलेलं पोलकं असो की गोधडी, ती सुई उजेडात धरायची आणि एका झटक्यात दोरा पार. सासूला तिचं भारी कौतुक. "माझ्या सुनंला मुंगीच्या पायातला काटा दिसतो," असं ती येईल त्याला सांगायची.

संक्रांत झाली आणि एका सकाळी उसाचं दवानं भिजलेलं पान राजनंदिनीच्या उजव्या डोळ्यावरून सपकन गेलं. ती तिथंच खाली बसली. चंद्रभागाबाई डोक्यावरची मोळी टाकून धावत आली, चूळ भरली, डोळा फाकवला, जीभ फिरवली. टोकावर पानाचा बारीक कण आला. "निघालं बघ!" सासू म्हणाली, आणि राजनंदिनी वेदना कमी झाली म्हणून हसलीसुद्धा. मग सासूनं ओली पट्टी बांधली.

दुसऱ्या दिवशी डोळा सुजून आला. पट्टीखालून पाणी गळत होतं. सोमेश्वर म्हणाला, "आई, हिला बीडला नेतो. त्या ताईनं नंबर देलता."

"तिसरा सूर्य उगू दे," चंद्रभागाबाई म्हणाली. "जिभेचा मान मोडला तर हाय तो गुण बी जाईल."

"तिला लई ठणका लागलाय गं."

"माझी काय ती दुश्मन हाय का? उद्याचा दिवस काढ."

राजनंदिनीनंच नवऱ्याला गप केलं. आत्याबाईचा हात आजवर कधी खोटा गेला नाही, असं ती म्हणाली. हे तिनं नंतर मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज सपाट होता.

तिसरा सूर्य उगवला. पट्टी सोडली तर बुबुळावर भाताच्या शितासारखा पांढरा ठिपका. तेव्हा सोमेश्वरनं मला फोन केला.

केंद्रात आणल्या आणल्या संगीता मॅडमनी जखम खरवडून नमुना काचेवर घेतला. मी त्यांच्या पाठीशी उभी होते. त्यांनी मलाही बघू दिलं. बुरशीचे धागे, पाचट विस्कटावं तसे इकडंतिकडं पसरलेले. ती किती खोल गेली ते बघायला बुबुळात आतपर्यंत बघायचं ते यंत्र हवं होतं, आणि त्या दिवशी त्याची पाळी दुसऱ्या एका कॉलेजची. त्यांचे विद्यार्थी आलेले, त्यांचे पेशंट रांगेत बसलेले. मॅडमनी विनवलं. त्या कॉलेजचे सर म्हणाले, "आमचेही पेशंटच आहेत ना, मॅडम? पाळी म्हणजे पाळी." बोलणं चुकीचं नव्हतं. तरी राजनंदिनी दुपारपर्यंत बाकावर डोळा दाबून बसली, आणि मला त्या सरांचं, त्या यंत्राचं आणि सामाईक या शब्दाचंच तोंड बघावंसं वाटेना. सगळ्यांचं आहे म्हणजे वेळेला कुणाचंच नाही, असं मी तिथं मोठ्यानं बोलले.

औषध सुरू झालं. दर तासाला थेंब. राजनंदिनी कितीतरी दिवस दवाखान्यात होती. डोळा काढावा लागला नाही, एवढंच पदरात पडलं. बुबुळावर फूल पडलं ते पडलंच. त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार कळतो, माणूस कळत नाही. मॅडम म्हणाल्या, पहिल्याच दिवशी आली असती तर बहुतेक नजर राहिली असती. त्या हे चंद्रभागाबाईसमोर बोलल्या. मला वाटलं, नसत्या बोलल्या तर काय बिघडलं असतं!

राजनंदिनी टोळीवर परतली आणि तिनं सासूशी बोलणं सोडलं. भांडली असती, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं तसलं काही केलं नाही. भाकरी वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची, सासूचं लुगडं धुवायची. पण शब्द नाही. म्हातारी "पोरी" म्हणून हाक मारायची, ती ओ द्यायची नाही. एकदा मी गेले तेव्हा ती सुई आणि दोरा घेऊन बसली होती. दोरा सुईच्या शेजारून जात होता. चंद्रभागाबाई कोपीच्या दारात बसून ते बघत होती, आणि मी आल्याचंही तिला कळलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चंद्रभागाबाई एकटी एसटीनं बीडला आली. केंद्राच्या दारात चप्पल काढून आत आली आणि संगीता मॅडमपुढं उभी राहून म्हणाली, "माझी जीभ तपासा."

मॅडम गोंधळल्या. "कशासाठी?"

"पोरीच्या डोळ्यात जे निघालं ते माझ्या जिभंवरचं हाय का, ते बघा. तुमच्याकडं समदी यंत्रं हायती म्हणं."

मॅडमनी तिला बसवलं, कापसाच्या काडीनं जिभेचा नमुना घेतला. फडातली उसाची पानंही मागवली. राजनंदिनीच्या डोळ्यातला नमुना कपाटात जपून ठेवलेलाच होता. तिन्ही नमुने पेट्यांत वाढायला ठेवले. यावेळी कुणी पाळीचा वाद घातला नाही; त्या कॉलेजच्या सरांनी आपली पेटी स्वतःहून दिली, हेही सांगायला हवं.

निकालाच्या दिवशी म्हातारी पुन्हा आली. मी तिच्या शेजारी बसले.

"बुरशी पानावरची आहे," मॅडम म्हणाल्या. "तीच बुरशी, अगदी तीच. तुमच्या जिभेवर ती नाही."

मला वाटलं, झालं, आता हिला घेऊन जावं, चहा पाजावा. पण चंद्रभागाबाई हलली नाही. तिनं टेबलावर बाजूला सारलेल्या दोन काचेच्या ताटल्यांकडं बोट केलं. "आन् ह्ये काय हाय?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनीच नको म्हटलं. पण त्या सांगून मोकळ्या झाल्या. तोंडात असतात तसले जंतू राजनंदिनीच्या डोळ्यातही सापडले होते, आणि ते चंद्रभागाबाईच्या जिभेवरच्या जंतूंशी जुळत होते. बुरशीनं किती बिघडवलं, जंतूंनी किती, आणि उशिरानं किती, हे कुठलंच यंत्र वेगळं करून सांगू शकत नाही.

चंद्रभागाबाईनं एक ताटली उचलून उजेडाकडं धरली. मग म्हणाली, "म्हंजे माझ्यामुळं न्हाई, असं म्हणता येत न्हाई."

"नाही," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचेही डोळे भरून आले होते.

मला मॅडमचा इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही. एक अर्धं खरं सांगितलं असतं तर म्हातारी सुखानं मेली असती. पण ती एसटीनं एकटी आली होती ती अर्धं खरं ऐकायला नव्हे, हे मला उशिरा पटलं.

चंद्रभागाबाईनं जीभ लावणं बंद केलं. पण तसं बंद करणं सोपं नव्हतं. टोळीचा विश्वास असा, की गुण असलेल्यानं नाही म्हणणं म्हणजे पाप. ती "मला जमंना आता" म्हणायची, माणसं ऐकायची नाहीत. तिच्या दारात डोळा धरून बसायची, लेकरांची शपथ घालायची. "सुनंचा डोळा गेला म्हणून आमच्यावर सूड उगवती," असं मागून बोलायची. तरी गाडीत बसायला तयार नसायची, कारण मावशी आज ना उद्या वितळेल असा भरवसा. आणि म्हातारी खरंच वितळायला आली होती. मला म्हणाली, "न्हाई म्हणलं की सासू सपनात येती गं. नुसती उभी राहती."

एके दिवशी मी गाडी घेऊन टोळीवर गेले होते. ऊन चढलं होतं. फडातून मुकादम बंकट डोळ्यावर तळवा दाबत आला. त्यानंही त्या दिवशी हातात कोयता घेतला होता म्हणे. तो सरळ चंद्रभागाबाईपुढं येऊन बसला.

"काढ मावशे. लवकर काढ."

"बंकट, गाडी उभी हाय. बीडला जाय, आत्ताच्या आत्ता बघतेत."

"आन् टोळी कोण सांभाळील? काढ म्हणलं ना."

"न्हाई काढत."

"कावून न्हाई? तुला न्हाई म्हणताच येत न्हाई, समद्याला ठाव हाय!"

माणसं जमली. बायका मोळ्या टाकून आल्या. कोपीच्या सावलीत राजनंदिनी उभी होती. चंद्रभागाबाईनं एकदा तिच्याकडं बघितलं, पण तिनं नजर दिली नाही. गर्दीतून एक म्हातारी बोलली, "बंकट खरं बोलतोय. गुण असून न्हाई म्हणू ने, चंद्रभागे. गुण असून लोकांस्नी आंधळं करायचं व्हय?"

चंद्रभागाबाई उठली. मला वाटलं, चूळ भरायला उठली. ती पाण्याच्या घागरीकडं गेली नाही. बांधलेल्या मोळीकडं गेली, एक ऊस ओढून काढला, गुडघ्यावर मोडायला बघितला, मोडला नाही. मग तसाच तोंडात घातला आणि सालीसकट कचकन चावला.

रस तिच्या हनुवटीवरून गळत होता. सालीनं ओठ कापला होता, त्यातलं रक्तही. बंकट डोळ्यावरचा हात काढून बघतच राहिला.

"गेला," कुणीतरी हळूच म्हणालं. "गुण गेला."

"गेला," चंद्रभागाबाई म्हणाली. "आता माझ्याकडं काईच न्हाई. मागायला येऊ नका. बंकट, गाडीत बस."

तो शिव्या देत का होईना, बसला. त्याच्या बुबुळावर बारीक ओरखडा होता, वेळेत औषध मिळालं आणि डोळा धड राहिला. त्याच्यानंतर त्या टोळीतून फोन यायला लागले. आमच्या केंद्राच्या अहवालात ते वाढलेले नमुने आकड्यांत आलेत, आणि ते वाचून लोक आमचं कौतुक करतात. मी ते कौतुक ऐकून घेते आणि मला त्या ओठावरचं रक्त आठवतं.

मी त्या दिवशी गाडीबरोबर गेले नाही. माणसं पांगली तरी म्हातारी मोळीवर बसून तो ऊस दातांनी ओरबाडत होती. दात मोजकेच, त्यात सवय नाही. पाच वर्षांच्या लेकराला जे येतं ते तिला येत नव्हतं. मी पुढं होणार तोच राजनंदिनी आली. तिनं सासूच्या हातातून ऊस काढून घेतला, कोयता उचलला आणि पेर तोडायला घाव घातला. पहिला घाव हुकला. एका डोळ्याला अंतर कळत नाही. दुसरा बसला. मग ती खाली बसून साल काढायला लागली, बोटांनी चाचपत, सावकाश. म्हातारी तिच्या बोटांकडं जीव मुठीत धरून बघत होती. साल निघाली तसे तिनं बारीक करवे केले आणि एक सासूच्या हातावर ठेवला.

"असा न्हाई खात ऊस, आत्याबाई," ती म्हणाली.

डोळा गेल्यापासूनचं हे तिचं सासूशी पहिलं बोलणं. तिनं सासूला माफ केलं का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.

चंद्रभागाबाईनं करवा तोंडात घातला, चघळला, चोथा हातात घेतला.

"गोड हाय का?" राजनंदिनीनं विचारलं.

"लई गोड हाय गं," म्हातारी म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. "इतका गोड असतो, ह्ये मला कुणी सांगितलंच न्हाई."

राजनंदिनीनं दुसरं पेर घेतलं आणि बोटांनी चाचपत सोलायला लागली.